‘कोणती टेस्ट लावू?’: अभ्यास मंडळांना आणि संशोधन मार्गदर्शकांना खुलं पत्र

वाणिज्य, व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र या विषयांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य आणि संशोधन मार्गदर्शक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी संख्यात्मक संशोधन पद्धती शिकवते. प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की मला फोन यायला लागतात, आणि जवळपास प्रत्येक फोनची सुरुवात सारखीच असते. “मॅडम, डेटा तयार आहे. कोणती टेस्ट लावू?” मी विचारते, “तुला शोधून काय काढायचंय?” पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग प्रबंधाचं शीर्षक वाचून दाखवलं जातं. शीर्षकात ‘परिणाम’ असतो, ‘चिकित्सक अभ्यास’ असतो. प्रश्न नसतो.

या मुलांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. आपण ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने ती विचार करतात. आधी संशोधनाची व्याख्या आणि प्रकार, मग नमुना निवडीचे प्रकार, मग प्रश्नावली, मग टी टेस्ट, ची-स्क्वेअर, अनोव्हा, रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धती, आणि शेवटी अहवाल लेखन. सत्र संपतं तेव्हा वहीत भरपूर व्याख्या असतात, पण एकाही खऱ्या डेटाला हात लागलेला नसतो. लगेच पुढच्या सत्रात आपण त्याच विद्यार्थ्याला सांगतो की आता नवीन, मौलिक संशोधन कर. ज्याने आजवर दुसऱ्याचं बांधकाम आतून कधी पाहिलेलं नाही, त्याला आपण थेट घर बांधायला लावतो.

माझी मागणी एकच आहे. विद्यार्थ्याने स्वतःची प्रश्नावली काढण्याआधी, कुणीतरी पूर्वी केलेला एक प्रकाशित अभ्यास त्याच डेटावरून पुन्हा करून पाहावा. त्यासाठी अख्खं एक सत्र द्या आणि त्या कामाला लेखी परीक्षेइतके गुण द्या.

असं का म्हणते, ते सांगते. ३८४ या आकड्यापासून सुरुवात करते, कारण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यांमध्ये, नमुन्याचा आकार ३८४ असतो आणि खाली क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० सालच्या, नमुन्याचा आकार सांगणाऱ्या तक्त्याचा हवाला असतो. तो आकडा येतो कुठून, हे मी फळ्यावर मांडून दाखवते. १.९६ चा वर्ग ३.८४१६. त्याला ०.२५ ने गुणलं की ०.९६०४. त्याला ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागलं की ३८४.१६. गणित इथेच संपतं, पण यातला प्रत्येक आकडा एकेक अट बोलून दाखवतो. १.९६ म्हणजे मला ९५ टक्के विश्वासपातळी हवी आहे. ०.२५ म्हणजे ०.५ गुणिले ०.५: किती टक्के लोक ‘हो’ म्हणतील याची मला काहीच कल्पना नाही, म्हणून सर्वांत अवघड शक्यता धरली. ०.०५ म्हणजे उत्तर पाच टक्क्यांनी वरखाली झालं तरी चालेल. आणि जी अट या सूत्रात कुठेच दिसत नाही तीच सगळ्यांत मोठी आहे: प्रत्येक माणूस चिठ्ठ्या टाकून निवडावा तसा निवडलेला असला पाहिजे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हीही जाणता. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपच्या गटांवर जाते, ओळखीतले भरतात, त्यांच्या ओळखीतले भरतात, आणि आकडा ३८४ च्या पुढे गेला की लिंक बंद होते. चिठ्ठ्या कुणीच टाकलेल्या नसतात. शिवाय ज्याला दोन गटांतला फरक तपासायचा आहे त्याच्यासाठी हे सूत्र मुळात नव्हतंच. हे एका टक्केवारीचा अंदाज बांधण्याचं सूत्र आहे. किती लहान फरक आपल्याला पकडता यायला हवा, यावर फरक तपासणाऱ्याचा नमुना ठरतो, आणि त्यासाठी त्या विषयाचा विचार करावा लागतो. तक्ता बघून भागत नाही.

नमुना मोठा असला की सगळं माफ होतं, हा समज तर मला सर्वांत जास्त छळतो. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या मासिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून अल्फ लँडन जिंकणार असं भाकीत झालं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींमधून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याकडे टेलिफोन आणि मोटार होती त्यांचेच. त्यातही उत्तर पाठवण्याचे कष्ट घेणारे वेगळ्या मनाचे होते. वीस लाख उत्तरांनी जे झाकलं गेलं नाही, ते ३८४ उत्तरांनी कसं झाकलं जाईल?

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. विषय होता कर्मचाऱ्यांचं कामातलं समाधान. ३९१ उत्तरं जमली होती. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रोनबॅक अल्फा हा गुणांक ०.९३, म्हणजे चांगलाच वरचा, आला होता आणि तिच्या गाइडनी त्याबद्दल तिचं कौतुक केलं होतं. मी तिला म्हटलं, आज आपण काहीही चालवायचं नाही, फक्त ओळी वाचायच्या. आम्ही शेजारी बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेलो.

सत्तावन्नाव्या ओळीवर ती थांबली. वय २४. नोकरीचा अनुभव १९ वर्षं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे वाच. त्याच ओळीत तीसच्या तीस प्रश्नांना ४. ‘मला माझं काम आवडतं’ याला ४ आणि ‘कामाचा मला कंटाळा येतो’ यालाही ४. मग तिने स्वतःहून वेळेचा रकाना उघडला. एका रात्री अकराच्या सुमारास वीस मिनिटांत सव्वीस फॉर्म आले होते, काही तर अर्ध्या मिनिटाच्या अंतराने. तीस प्रश्न अर्ध्या मिनिटात वाचून होत नाहीत. ती हळूच म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी मी भावाला सांगितलं होतं की अजून थोडे कमी पडतायत.”

मग अल्फाकडे वळलो. अल्फा फुगला होता तो याच ओळींमुळे. एकजण सरसकट ४ लावतो, दुसरा सरसकट ५, तिसरा सरसकट २. अशा ओळी जितक्या जास्त तितके सगळे प्रश्न एकमेकांशी जुळतात असं दिसतं आणि अल्फा वर चढतो. प्रश्नांची संख्या वाढवली तरीही तो चढतो. ली क्रोनबॅक यांनी १९५१ साली हा गुणांक मांडला तो चाचणीतली अंतर्गत सुसंगती जोखण्यासाठी. उत्तर देणाऱ्याने प्रश्न वाचला की नाही हे त्यातून कळत नाही. हे त्या मुलीला एका दुपारी समजलं. दोन सत्रं रिसर्च मेथडॉलॉजी शिकून समजलं नव्हतं, आणि त्याची जबाबदारी माझ्यासकट आपल्या सगळ्यांची आहे.

पुढचा मुद्दा ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचा. प्रत्यक्षात संबंध नसताना असा निकाल येण्याची शक्यता, म्हणजे पी व्हॅल्यू, पाच टक्क्यांच्या आत असली की त्याला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात. प्रबंधाच्या चौथ्या चॅप्टरमध्ये काय असतं? वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, अनुभव हे पाच रकाने आणि प्रश्नावलीतून काढलेले आठ घटक. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली की चाळीस टेस्ट होतात. प्रत्यक्षात कशाचाही कशाशी संबंध नसला, आणि या टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं, तरी पाच टक्क्यांच्या सीमेवर सरासरी दोन टेस्ट ‘सिग्निफिकंट’ निघतात. किमान एक तरी निघण्याची शक्यता ८७ टक्के. म्हणजे हाती काही नसतानाही निष्कर्षाचं पान भरतं, आणि ते भरतं म्हणून कुणी शंका घेत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली विसात एक ही सीमा मांडली ती सोयीची म्हणून. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून स्पष्ट केलं की गृहीतक खरं असण्याची शक्यता पी व्हॅल्यू सांगत नाही, आणि केवळ ती एखाद्या सीमेच्या आत आहे की बाहेर यावरून शास्त्रीय किंवा व्यवसायातले निर्णय घेऊ नयेत. हे निवेदन प्रत्येक विद्यार्थ्याकडून वाचून घ्यायला एक तास पुरतो.

पी व्हॅल्यू शिकवायची असेल तर ती आधी बोटांवर मोजून शिकवा. फिशर यांचंच उदाहरण आहे. चहात दूध आधी घातलं की नंतर हे चवीवरून ओळखते, असा एका सहकारी बाईंचा दावा होता. समोर आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक, म्हणजे सुमारे ०.०१४. पी व्हॅल्यू ती हीच: दावा पोकळ असता तर असा निकाल किती विरळा आला असता? कोणतंही सूत्र नाही, तक्ता नाही. माझ्या वर्गात हे मोजून झाल्यावर एका मुलाने विचारलं, “मग बाईंना खरंच ओळखता येतं याची शक्यता ९८.६ टक्के झाली का?” नाही, तसं होत नाही, आणि का होत नाही यावर उरलेला पूर्ण तास गेला. तो माझा त्या वर्षीचा सर्वांत चांगला तास होता.

तसंच टी टेस्टचं. ती आपण सूत्र म्हणून देतो. ती कुणाच्या गरजेतून आली हे सांगत नाही. विल्यम गॉसेट हे गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. कच्च्या मालाचे प्रयोग थोडेच करता येत, आणि थोड्या नोंदींवरून निर्णय तर घ्यावा लागे. त्या अडचणीतून त्यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध छापला. व्यवसायाच्या प्रश्नातून आलेली ही पद्धत आपण व्यवसायाच्याच विद्यार्थ्यांना निराधार सूत्रासारखी देतो, याचं मला वाईट वाटतं.

आता ज्या मागणीसाठी पत्र लिहिलं तिच्याकडे येते.

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांत सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का, असं त्यात होतं. सरकारी खर्च कमी करावा म्हणणाऱ्यांनी जगभर त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात एक स्वाध्याय मिळाला होता: एखादा प्रकाशित निबंध निवडा आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने हा निबंध निवडला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे त्यांची एक्सेलची फाइल मागितली, आणि त्यांनी ती दिली. सरासरीचं सूत्र ३० ते ४४ या ओळींचं होतं, ते ४९ पर्यंत जायला हवं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते.

२०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि सगळ्यांच्या लक्षात एक्सेलची चूक राहिली. माझ्या मते शिकण्यासारखं त्याहून पुढे आहे. फरकाचा मोठा भाग त्या ओळींमुळे पडलाच नव्हता. काही वर्षांचा डेटा गाळलेला होता, आणि प्रत्येक देशाला सारखंच वजन दिलं होतं. ब्रिटन १९ वर्षं ९० टक्क्यांच्या वर होता. न्यूझीलंडचं हिशेबात आलं ते एकच वर्ष, ज्यात वाढ उणे ७.६ टक्के होती. दोघांचं वजन सारखं. हे बरोबर की चूक? याला सरळ उत्तर नाही. एका देशातली १९ वर्षं म्हणजे १९ स्वतंत्र पुरावे आहेत का, हा खरोखरच अवघड प्रश्न आहे. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांच्या हिशेबाने सरासरी २.२ टक्के आली. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, वजनाच्या निर्णयाचं समर्थन केलं. नुसती ‘सरासरी काढली’ या दोन शब्दांत किती निर्णय दडलेले असतात हे यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच व्याख्येतून कळत नाही. आणि हे एका स्वाध्यायातून घडलं, ही गोष्ट मी अभ्यास मंडळांसमोर पुन्हा पुन्हा ठेवेन.

एवढा मोठा निबंध घ्यायलाच हवा असं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा १९९४ चा अभ्यास घ्या. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. दोघांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर फोनवरून माहिती घेतली. फळ्यावर फक्त चार आकडे लिहायचे. न्यू जर्सीत दर दुकानामागे पूर्णवेळ कामगार (अर्धवेळ कामगार अर्धा धरून) आधी २०.४४, नंतर २१.०३. पेनसिल्व्हेनियात आधी २३.३३, नंतर २१.१७. पहिल्यात ०.५९ ची वाढ, दुसऱ्यात २.१६ ची घट, आणि या दोन फरकांतला फरक सुमारे २.७५. वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी होतात, या ठाम समजुतीला या वजाबाक्यांनी धक्का दिला. पुढे कार्ड यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. क्रूगर तोपर्यंत हयात नव्हते.

वजाबाकी सातवीतल्या मुलालाही येते. मग वर्गाला विचारायचं: वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीचं काय झालं असतं, हे तुम्हाला कसं कळलं? पेनसिल्व्हेनियासारखंच झालं असतं असं का धरायचं? फोनवर सांगितलेला आकडा खरा कशावरून? पगारपत्रकांच्या नोंदी वापरून हेच पुन्हा करणाऱ्यांना वेगळं उत्तर का मिळालं? इथे विद्यार्थी पहिल्यांदा ‘परिणाम’ या शब्दाला घाबरतो, आणि ती भीती योग्य आहे. त्यानंतर तो स्वतःच्या शीर्षकात हा शब्द घालताना दहा वेळा विचार करतो.

दोन आक्षेप मी बैठकांत ऐकले आहेत. पहिला, आपल्या मुलांचं गणित कच्चं आहे. वर जे लिहिलं त्यात वर्ग, गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी यांपलीकडे काय आहे? कच्ची आहे ती सवय, आकड्याला ‘तू आलास कुठून?’ असं विचारण्याची. रिग्रेशनचे, म्हणजे ठिपक्यांमधून जाणाऱ्या रेषेचे, गुणांक सॉफ्टवेअर काढून देतं, आणि आर सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ठिपक्यांचं चित्र काढून बघायची बुद्धी मात्र ते देत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ साली चार डेटासंच दिले. चारही संचांची सरासरी, सहसंबंध, रिग्रेशनची रेषा जवळजवळ सारखी, आणि चित्रं काढली तर एक साधारण सरळ रेषेत, एक वक्र, आणि दोन एकेका ठिपक्याने ओढून नेलेली. हा स्वाध्याय अर्ध्या तासाचा आहे.

दुसरा आक्षेप मौलिकतेचा: दुसऱ्याचं काम पुन्हा केलं तर त्यात नवीन काय? मला विचाराल तर ज्या प्रबंधात फक्त उत्तरं देणारी माणसं बदलली आणि प्रश्नावली कुठून तरी उचलली, त्याच्यापेक्षा प्रामाणिकपणे केलेली पुनर्पडताळणी कितीतरी नवीन असते. अर्थशास्त्रातल्या १८ प्रयोगांची पडताळणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, त्यांतले ११ प्रयोग टिकले. उरलेले सात टिकले नाहीत हे कुणीतरी पुन्हा करून पाहिलं म्हणूनच कळलं.

मार्गदर्शकांना एक वेगळी विनंती आहे, आणि ती कळवळून करते. ‘संबंध आढळला नाही’ हा निष्कर्ष घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवू नका. मी अशी मुलं पाहिली आहेत जी यानंतर घरी जाऊन आकडे बदलतात. त्यांना ते कुणी तोंडाने सांगितलेलं नसतं. फक्त “अजून जरा बघ” एवढंच म्हटलेलं असतं. गृहीतकं, नमुना आणि कोणत्या टेस्ट करणार हे डेटा गोळा करण्याआधी लिहून घ्या, त्यावर सही करा, तारीख घाला. मग उत्तर काहीही येवो, विद्यार्थी सुरक्षित राहतो.

त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं ते सांगते. तिने ३९१ पैकी ९७ नोंदी काढल्या. प्रत्येक नोंद का काढली ते एका तक्त्यात लिहिलं, आणि तो तक्ता परिशिष्टात जोडला. भावाचं तिने लपवलं नाही. २९४ उरल्या. अल्फा खाली आला, दोन गृहीतकं पडली. तिला सांगण्यात आलं की आकडा ३८४ च्या खाली आहे, पुन्हा फॉर्म फिरव. तिने फिरवला नाही.

लवकरच तिची व्हायवा आहे, आणि टेबलाच्या पलीकडे तुमच्यापैकीच कुणीतरी असेल. “३८४ का नाहीत?” हा पहिला प्रश्न कृपया विचारू नका. त्या ९७ नोंदी कशा ओळखल्या ते विचारा, आणि तिला बोलू द्या.

आपली,
संशोधन पद्धती शिकवणारी एक प्राध्यापिका